शाकारणी

एन्डाकॉट शिडीवरून हाक देतो: वर या.
मोजपट्टी खिशात टाकून मी चढतो.
तशीही ती आज कामाची नाही;
सकाळपासून या घरात
एकही काटकोन सापडलेला नाही.

भिंती मातीच्या, दोन हात जाड.
डेव्हनचा तांबडा चिखल, त्यात काड तुडवलेलं,
एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही,
म्हणजे भिंतीला दोन उन्हाळे लागले असतील.
कोपरे गोल. मातीला टोक सोसत नाही.

मधून आरपार बोळ.
उजवीकडे माणसं, डावीकडे गुरं,
दार दोघांना एकच,
आणि जमीन गोठ्याकडे उतरती:
कुणी कुणाकडे वाहायचं ते पहिल्याच दिवशी ठरलेलं.
गव्हाणीच्या जागी आता लस्कमबाईंचं वॉशिंग मशीन,
त्याचं पाणीही त्याच दगडी पन्हळीतून जातं.

वर, आढ्याखाली, टॉर्च.
एकच वाकडा ओक उभा चिरून
त्याचे दोन अर्ध
जमिनीपासून निघून डोक्यावर परत भेटवलेले.
सांध्यांवर सुताराच्या खुणा:
दोन रेघा, तीन रेघा, मग एक उलटी.
चुकला असेल. किंवा डावरा असेल.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथे वासे केव्हाचे फिरलेत,
घर आहे तिथेच.

एन्डाकॉट तळातून मूठभर काड उपसतो,
माझ्या हातावर ठेवतो.
काळं कुळकुळीत.
धुरांडं यायच्या आधीचं, म्हणतो,
चूल दालनाच्या मधोमध होती तेव्हाचं.
दर पिढीने वरून नवं शाकारलं,
तळचं कुणी काढलंच नाही.

खालून लस्कमबाई:
विमावाले म्हणतात सगळं उतरवा, पेट घेईल!
तो ओरडतो:
शंभर वर्षं धुरात बसून नाही पेटलं, आता काय पेटतंय!
मग हळूच, मला:
पेटलं असतं हो. नशीब.
आणि हेझलची काटकी पिळून, मोडू न देता,
नव्या पेंढीत खुपसतो.

माझ्या तळव्यावर एक अख्खी ओंबी आहे.
इतका उंच गहू आता कुणी पेरत नाही.
चुरडून पाहतो. रिकामी.
दाणे उंदरांनी नेले असणार,
कुठल्याशा राजाच्या काळात.

चहाची हाक येते.
बोटं विजारीला पुसतो.
जात नाही.