रवण

पेठहून निघताना सासू म्हणाली, कोंबडी नेऊ नको,
परमुलखात खुडूक बसेल.
बसलीच.
उगावच्या बागेत, मजुरांच्या पालात,
कात्र्या ठेवायच्या पाटीत,
मार्गशीर्ष संपता संपता.

हात नेला की पिसं फुगवायची,
गळ्यातून कुरकुर, बिजागरी गंजल्यासारखी.
यमुना म्हणाली, पाण्यात बुचकळ, दोन दिसांत खूळ उतरेल.
मी म्हटलं, बसू दे.
अकरा अंडी ठेवली. विषम असावीत एवढं मला ठाऊक,
का, ते सासूलाही ठाऊक नाही.
तळाला राख, राखेवर भाताचा पेंढा,
पेंढ्यात एक गंजका खिळा,
वीज कडाडली तर त्यात उतरावी म्हणून.
थंडीत कुठली वीज. तरी ठेवला.

पहाटे कामाआधी तिला उचलायची,
आपण होऊन उठत नाही ही बया.
पंखांखाली हात घालून आधी चाचपायचं,
अंडं अडकलेलं नाही ना.
बाहेर नागली, करवंटीत पाणी.
भुईवर ठेवली तरी तशीच बसून राहते,
जणू खाली अजून अंडीच आहेत.
मग एकदम पोट आठवतं.
चार दाणे, तीन घोट,
दिवसभराची साठलेली एवढाली घाणेरडी शीट,
आणि धावत परत.
माझा चहासुद्धा त्याहून जास्त वेळ चालतो.

सातव्या रात्री मोबाइलच्या उजेडात बघितली.
नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं,
दोन नितळ. आंधळी.
ती यमुनेनं तळून खाल्ली, म्हणाली, काही होत नाही.
उरली नऊ. विषमच.

दिवसा आम्ही घडांना कागद गुंडाळायचो,
एकेका घडाला जुन्या पेपरचा झगा, वर पिन.
मालकाचा मुलगा तासातासाला पारा बघायचा.
अकराव्या रात्री निफाडची थंडी चार अंशांवर आली.
मणी तडकू नयेत म्हणून ओळीओळीत शेकोट्या पेटल्या.
त्यातलेच निखारे मी घमेल्यात आणले,
पाटीपासून हातभर लांब ठेवले.
मालक हसला. कोंबडीला शेकोटी?
मी म्हटलं, तुम्ही द्राक्षांना कपडे घातले, मी काही बोलले?

सतराव्या दिवशी मुकादम म्हणाला, बाग संपली,
उद्या मोहाडी.
पिकअपमध्ये भांडी, चुलीचे दगड, आठ माणसं,
माझ्या मांडीवर पाटी, पाटीवर लुगडं.
खड्डा आला की ती अंगाचं वजन उचलून धरायची,
मग अलगद टेकायची.
मंदाच्या वेळी जीपमध्ये मी तशीच बसले होते
करंजाळीच्या दवाखान्यापर्यंत.

मंदा आश्रमशाळेत. रविवारी मॅडमच्या फोनवरून:
झाली का गं?
अजून नाही.
मी येईपर्यंत थांबव ना.

विसाव्या रात्री अंड्याच्या आतून चिवचिव,
आणि तिनं उत्तर दिलं.
वर्षभर सांभाळली, हा आवाज कधी ऐकला नव्हता,
खालच्या पट्टीतलं, फक्त आत ऐकू जाईल असं टुक टुक.
कवच सोलू नये, सासू सांगते, ज्याचं त्यानं फोडावं.
नव्या बागेत दिवसभर माझ्या पिना वाकड्या बसल्या.
संध्याकाळी सहा. सातवं ओलं, मान टाकून,
तासाभरानं उभं राहिलं.

दोन उरली.
सात जणं पाटीभोवती कल्ला करत होती,
ती दोनांवर बसून.
थंड होत नव्हती, कारण ती होऊ देत नव्हती.
तिसऱ्या पहाटे तिला रोजच्यासारखी उचलली,
ती नागली टिपत असताना पाठीमागून अंडी काढली,
ओढ्याकाठी पुरली.
परत आली, पाटीत डोकावली,
पेंढा दोनदा उकरला. खिळा बाहेर पडला.
मग पिल्लांना घेऊन उकिरड्याकडे गेली.

फोनवर मंदानं विचारलं, किती?
सात. दोनांचं बोलले नाही.
मला काळं ठेव.
काळं एकच आहे,
सकाळीच पाण्याच्या करवंटीत पडलं,
आता चुलीजवळ फडक्यात वाळतंय,
डोळे मिटून, शिव्या देत.