बसायचे पैसे नाही लागत

नागभीडच्या शोरूममधला पोरगा म्हणाला,
बसून तर पाहा दादा, बसायचे पैसे नाही लागत.
बसलो.
टाकीत माझाच चेहरा,
जरा रुंद, जरा पैसेवाला.
सीटवरचं प्लास्टिक मांडीखाली करकरलं.

तीन हजार भरा, आजच न्या.
बाकी छत्तीस हप्ते.
छत्तीस असं म्हणाला
जशी खर्र्याची पुडी पुढे करावी.

मी मोटारी भरतो, रिवायंडिंगचं दुकान आहे.
छत्तीस खाचांचा स्टेटर
डोळे मिटून भरेन.
एका खाचेत तार खरचटली
की अख्खी मोटार जाते.
वास मागाहून येतो.

घरी विचारून सांगतो, म्हणालो.
विचारणार नव्हतो.
कुंदा हो म्हणाली असती.

बाहेर माझी जुनी,
सायलेन्सर तारेनं आवळलेला.
चौथ्या किकला लागली.
काचेआड कोणी हसतंय का पाहिलं,
कोणी बघतही नव्हतं.

धानाच्या बांध्यांमधून येताना
खिशात फोन थरथरला.
त्या पोरानं फोटो पाठवला होता:
मी, गाडी,
हँडलला आधीच बांधलेला हार.
वाट पाहतो दादा.

पुसायला गेलो. नाही पुसला.

रात्री श्रावस्तीच्या हाती लागला.
बाबा, कोणाची हो?
शोरूमची.
तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला,
खाली सरकवत नेला,
पायांपाशी थांबली.

मंग चप्पल काहून काढली तुमी?