कडी

नेब्रास्कात, कापलेल्या मक्याच्या कडेला ट्रक लावून
रॉस्कोनं केबिनमधलं कपाट उपटलं.
तिथं आता अडीच फुटी न्हाणीघर:
चाळीस लिटरची टाकी, जुन्या बोटीतलं संडासाचं भांडं,
नि दाराला पितळी कडी. तेवढी मात्र अर्डिसची मागणी.

बावीस वर्षं ती पहाटे तीनला
बर्फातून, डिझेलच्या वासातून चालत गेली,
काखेत टॉवेल, बोटांच्या फटींत किल्ल्या, टोकं बाहेर;
मग बाकावर बसून
कर्ण्यातून आपला नंबर येईतो पेंगली.

आज कडी लावली.
गुडघे भिंतीला टेकतायत.
पाण्याची धार कोमट, करंगळीएवढी.
या ट्रकमध्ये पहिल्यांदाच
दोघांच्या मध्ये एक दार.

बाहेरून रॉस्को: "गळतंय का गं कुठं?"

ती लगेच उत्तर देत नाही.