चारशे ग्रॅम, दर शासनमान्य

चोपड्यात रज्जाक पिंजारींच्या बेकरीबाहेर
एक काळा फळा होता,
आणि खडू माझ्या हातात.
चाचांना उर्दू तेवढं लिहिता येई,
माझा बाप आत भट्टीत बाभळीची लाकडं सारायचा,
त्याला तेही नाही.
मी सहावीत. स्टुलावर चढून लिहायचे:
मोठा ब्रेड, चारशे ग्रॅम, दर शासनमान्य.
चाचा खालून म्हणायचे,
मास्तरीण, तो 'शा' जरा ठसठशीत काढ,
लोक त्यालाच घाबरतात.

ब्रेड तेव्हा आजाऱ्याचं खाणं.
टायफॉइड उतरला की दुधात बुडवून,
सरकारी दवाखान्यात
उशाशी मेणकागदात गुंडाळलेला.
धडधाकट माणूस कळण्याची भाकर खाई, वर ठेचा,
आणि तिचा भाव
कुठल्याच फळ्यावर नव्हता.
सरकारनं फक्त तापाच्या बाजूचं धरलं होतं.

मैदा महागला. लाकूड महागलं.
डालड्याचा डबा तर नाव घेऊ नका असा.
मी रोज आकडा पुसायचे
आणि तोच आकडा पुन्हा लिहायचे.
तोच लिहायचा तर पुसतेस कशाला, बाप विचारी.
धूळ बसते, मी सांगे.

त्याच दिवसांत केव्हातरी
गोळे तोडणारा इद्रिस
प्रत्येक गोळ्यातून चिमूटभर पीठ
परत परातीत टाकायला लागला.
कुणी सांगितलं त्याला, माहीत नाही.
चाचा त्या वेळी तोंड फिरवून
पत्र्याचे साचे पुसत बसत.
बत्तीस साचे लागायचे भट्टीला,
आता तेहतिसावा लागू लागला.
तो कुणाच्या वाटचा, ते नेमकं सांगता येत नव्हतं;
दिसायला इतरांसारखाच, वरून तांबूस.

पुरवठा खात्याचे बडगुजर साहेब आले ते
भट्टी उघडायच्या वेळेलाच.
पिशवीत काटा, काट्यासोबत वजनं,
वजनांना मखमलीचा डबा, एखाद्या सोनाराचा असतो तसा.
चाचा पुढे झाले,
साहेब, गरम शे, आत्तेच तोला.
साहेब हसले.
निवू दे, म्हणाले, घाई नाही मला.
चहा आला. साहेबांनी बशीत ओतला.
आम्ही सगळे ब्रेडकडे पाहत उभे,
बाप, इद्रिस, चाचा, मी,
आणि वाफ निघत होती,
एकेक ग्रॅम, आमच्या डोळ्यांदेखत,
खिडकीच्या गजांमधून तापीच्या दिशेनं.
वाफ धरून ठेवायची कशी, हे
चाळीस वर्षं भट्टी चालवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

तीनशे सत्त्याऐंशी.
साहेबांनी दुसरा तोलला. मग तिसरा.
सगळे प्रामाणिकपणे एकसारखे कमी.
इद्रिसचा हात असा होता, काय सांगू,
काट्याला लाजवील.

पंचनाम्यावर सही झाली. उठताना साहेब थांबले.
एक बांधून द्या, मुलीला चार दिवस ताप आहे.
चाचा म्हणाले, असाच न्या.
नाही, नाही, साहेब म्हणाले,
आणि फळ्याकडे बघून, माझं अक्षर वाचून,
सुटे पैसे मोजून ठेवले,
एक नवा कमी नाही, एक जास्त नाही.

बेकरी अकरा दिवस बंद राहिली.
दवाखान्यात बायकांनी भाकरीचा पापुद्रा काढून
मऊ भाग तेवढा दुधात कुस्करला.
पोरांनी तोंडं वाकडी केली, काहींनी खाल्लं.
इद्रिस शिरपूरकडे निघून गेला, मामाकडे.

फळा मी रोज लिहिला.
कुणी सांगितलं नव्हतं.
बंद फळ्यांसमोर स्टूल ठेवून
मोठा ब्रेड, चारशे ग्रॅम,
शा ठसठशीत.
त्या अकरा दिवसांत
एकही ब्रेड कमी भरला नाही.