कोरी कळ

तुर्भ्याच्या भंगारात तो मला किलोवर मिळाला.
दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम.
काटा मीच दुरुस्त केलेला, म्हणून
खलीलशेठशी वजनावरून वाद घालता येईना.
कुठल्याशा बंद पडलेल्या पॉलिटेक्निकचा माल:
लाकडी पेटी, झाकणाला एकच बिजागरी,
आत हिरवा बोर्ड, सहा लाल आकड्यांची खिडकी,
चोवीस कळा. कुठेही कंपनीचं नाव नाही.
पुस्तिका तर नाहीच.
पुस्तिकेची जागा तेवढी आहे,
झाकणाच्या आत, चौकोनी, कमी मळलेली.

शुक्रवारी वागळे इस्टेट सुटीवर असते.
शेजारचा प्रेस बंद, म्हणून मीटरची शीळ नीट ऐकू येते.
एक टोक चिपच्या विसाव्या पायावर,
दुसरं एकेका खिळ्यावर टेकवत गेलो.
शीळ वाजली ती जमीन.
चाळिसावा पाय जिथे बोलला, तिथे पाच व्होल्ट.
एवढं समजायला दुपार गेली.
प्रज्योत म्हणाला, काका, चालू झाला तर हा करतो काय?
शिकवतो, म्हटलं.
कुणाला?
मी पत्त्याच्या पंधराव्या तारेमागे बोट नेत होतो,
ऐकू आलं नाही असं दाखवलं.

वीज दिली.
सहाही घरांत आठ, मग अंधार,
मग डावीकडे एक आडवी रेघ.
नवा मास्तर वर्गात येऊन
खडू धरून नुसताच उभा राहतो, तशी.

कळांवरची अक्षरं पोरांच्या अंगठ्यांनी नेलेली.
शून्य कुठलं ते दाबून कळलं,
'पुढे' कुठली ते चुकून.
रीसेट आधीच ओळखली होती,
तिच्यावर रंग नव्हता, खड्डा उरला होता.
वहीत चोवीस चौकोन आखले.
तिसऱ्या शुक्रवारी तेवीस भरले.

चोविसावी दाबली की काही होत नसे.
मोडलेली नव्हती. तार जुळत होती,
आत कोणीतरी ऐकतही होतं,
उत्तर तेवढं देत नव्हतं.

मग त्याच्याचकडून त्याची मेमरी वदवून घेतली.
पत्ता शून्य. पुढे. पुढे. पुढे.
मी वाचायचो, प्रज्योत लिहायचा,
चार हजार शहाण्णव घरं.
सी-तीन म्हणजे जा.
सी-डी म्हणजे जाऊन ये.
सात-सहा म्हणजे थांब;
शहात्तरचा माझा जन्म, हे पाठ करावं लागलं नाही.
चिपच्या काचेवर चिकटपट्टी, निळ्या शाईत: ७/८९, बरोबर.
ती काढायची नाही, आत ऊन गेलं तर हळूहळू सगळं पुसतं.
आणि पुसलेलं म्हणजे शून्य नाही,
पुसलेलं म्हणजे एफ-एफ, एफ-एफ, एफ-एफ:
घरी परतावं तर सगळे दिवे चालू
आणि माणूस एकही नाही.

त्या दिव्यांच्या पलीकडे, अगदी शेवटी,
वीस-पंचवीस घरांची वस्ती सापडली.
चोविसाव्या कळेचा रस्ता तिथेच जात होता,
पण दारात एक प्रश्न होता:
एफ-ई, एक-चार.
ठरल्या पत्त्यावर एक-चार असेल तरच आत ये.
भरलं एक-चार.
कोरी कळ दाबली.

पत्त्याच्या चार घरांत एस, यू, एल आणि धाकटा बी
(मोठा बी सात काड्यांत आठासारखा दिसतो),
मजकुराच्या दोन घरांत एच, ए.

सुलभा.

कोण ही? प्रज्योतने विचारलं.
बोर्ड उलटा करून पाहिला. झाळ एकसारखी,
एकही टाका दुसऱ्याला चिकटलेला नाही.
जिने जोडलं ती असेल. जिने लिहिलं ती.
किंवा कुणाच्या तरी चौदा तारखेची, काय सांगावं.
चोविसाव्या चौकोनात मी लिहिलं: चालते.

तोवर प्रज्योतने स्टूल पुढे ओढलं होतं.
पुन्हा दाबू?
आधी रीसेट कर, म्हटलं.
खड्डा असलेली.