रास कुठली?

टोथच्या बारचं दार आधी थोडं उचलावं लागतं,
मग ढकलावं. नव्या पोरांना ते ऑक्टोबरपर्यंत जमत नाही.
मी काउंटरमागून बघत असते: कोण खांदा लावतो,
कोण लाथ, कोण दारालाच सॉरी म्हणतो.

एकतीस वर्षं झाली. माझे गुडघे गेले,
टोथ गेला, जूकबॉक्सची चार बटणं गेली.
कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा तेवढा तसाच,
आणि ही पोरं. दर ऑगस्टला पुन्हा वीस वर्षांची.

ओहायोतलं गाव. कॉलेज आहे म्हणून गाव म्हणायचं.
जूनमध्ये रस्त्यावर कुत्रं फिरकत नाही,
तेव्हा ट्रकवाला मर्विन त्यांच्या बाकावर बसतो
आणि टेबलावर कोरलेली नावं नखानं साफ करतो.
विचारलं तर म्हणतो, चीज अडकलंय.

माझं वाचन म्हणाल तर जन्मतारखा.
लायसन्स दिव्याखाली धरायचं, तिरकं करायचं,
आणि सहज विचारल्यासारखं: रास कुठली गं तुझी?
खोटं कार्ड तारीख पाठ करून येतं,
रास पाठ करायची राहते.

तशी एक आली होती, बर्फाच्या दिवसांत.
कार्डावर थिओडोरा बिंकली, वय चोवीस, नेब्रास्का.
गालांवर मुरूम एकोणिसाव्या वर्षाचे.
‘सिंह,’ म्हणाली. कार्ड म्हणत होतं नोव्हेंबर.
मी कार्ड परत दिलं. बिअरच्या ग्लासात
जिंजर एल ओतलं, उंचावरून, फेस यावा म्हणून,
आणि बाईसाहेब त्यावर झिंगल्या.
खुर्चीवर चढून कुणा ग्रेगला सगळ्यांदेखत माफ केलं.
दोन वर्षं हेच.
पैसे मात्र मी बिअरचे घेतले.

काल रात्री दार एका दमात उघडलं,
उचलून, मग ढकलून. कुणीतरी शिकवलेलं.
कार्ड दिव्याखाली धरलं. तिरकं केलं. खरं होतं.
थिओडोरा. आडनाव भलतंच.
नोव्हेंबर. आजच एकवीस पूर्ण.
जिभेला सवय: रास कुठली गं?

हसली. पुढच्या दोन दातांत तीच फट.
‘आई म्हणाली, सिंह सांग.’

मी ग्लास पुसला. पुसलेलाच होता.
नळाखाली धरला, या खेपेला बिअरच्या.
फेस जरा जास्तच आला,
ओघळून मनगटावर, बाहीत.