बसायचं माप

टिळक रोडच्या दुकानदारानं टेप न काढताच सांगितलं,
"कंपनीचं माप बरोबर आहे. तुम्हीच जरा जास्त झालात."
खरंच होतं.
सहा फूट पाच इंच,
आणि मानेखाली सगळं गप्प.

उभा होतो तेव्हा सोसायटीला केवढं कौतुक ह्या उंचीचं!
जिन्यातले बल्ब मी स्टुलाशिवाय बदलायचो,
फोटोच्या वेळी सगळे ओरडायचे, "ए खांबा, मागे हो."
आता तोच खांब आडवा.
उचलायला दोन माणसं पुरत नाहीत,
तिसरा वॉचमन येतो, चप्पल काढून.

अठरा इंची सीट संपते आणि मांडी चालूच राहते.
पाय फूटरेस्टवर ठेवले
की गुडघे वर येतात हनुवटीच्या गप्पा ऐकायला,
आणि सगळं वजन माकडहाडावर.
त्याला काही कळत नाही.
कळतं अनघाला, रात्री दोनला कूस बदलताना,
टॉर्चच्या उजेडात, रुपयाएवढ्या लाल डागावरून.
"हं," म्हणते.
पुढे काही म्हणत नाही.

रॅम्पवाली व्हॅन मागवली एकदा.
चाकं आत गेली, छाती आत गेली,
डोकं राहिलं बाहेर.
मिरवणुकीत मूर्ती अडली की
बांबूनं वायर वर उचलतात.
इथे मूर्तीच वाकवली,
ड्रायव्हरनं, "सॉरी हं सर" म्हणत.
औंधच्या हॉस्पिटलपर्यंत मी पुणं पाहिलं
शर्टाच्या तिसऱ्या बटणाएवढं.
स्पीडब्रेकर मात्र मोजले. एकवीस.

भोसरीच्या शेडमधले यासीनभाई, ग्रिल-गेटवाले,
म्हणाले, "पाइप वाकवणं हेच तर आमचं काम.
पण माप बसलेल्या माणसाचं आणा."
आता बसायला खुर्ची नाही म्हणून तर खुर्ची हवी,
हे त्यांना फोनवर कसं सांगणार?

अनघा रास्ता पेठेत गेली, माळवदे टेलरकडे.
मास्तरांनी जुनी वही काढली.
कॉलेजच्या पँटपासून लग्नाच्या सुटापर्यंत
मी तिथे होतो, पेन्सिलीनं, अजून सरळ.
वही मिटून ते स्वतःच घरी आले,
गळ्यात टेप, कानावर खडू.
पलंगाशी आले आणि सवयीनं म्हणाले,
"सरळ उभे राहा."
टेप हातातच राहिली.
मी म्हणालो, "राहतो, मास्तर. घ्या तुम्ही."

मग गुडघा दुमडून, खालून पुस्तकं लावून,
त्यांनी माझी मांडी मोजली, पोटरी मोजली,
खांद्यापासून कानाच्या मागेपर्यंत मोजलं.
"सीट साडेबावीस. पोटरी एकवीस.
बोटभर लूज ठेवतो, हिवाळ्यात शाल येईल."
चिठ्ठीला टाचणीनं तुकडा लावला, निळ्या रेक्झिनचा.
ती चिठ्ठी अजून यासीनभाईंच्या भिंतीवर आहे,
ग्रीसच्या अंगठ्यासकट.

गाडी कोंढव्याच्या एका बेकरीची, उंच टपाची.
पावाच्या रॅका काढल्या, तळाला चार हूक ठोकले,
तरी खारीचा वास काही निघत नाही.
डोक्यावर चार बोटं जागा उरते.
चार बोटं! अनघानं दोनदा हात घालून पाहिला.
खिडकी माझ्या डोळ्यांच्या रेषेत कापली,
म्हणून बाहेरून ती चुकून वर बसल्यासारखी दिसते.
सिग्नलला मुलं बोट दाखवतात.

उजवा हात ठेवायची पट्टी अर्धा इंच खाली झालीय.
शनिवारी परत भोसरी.

आज डेक्कनला शेजारी पीएमटी थांबली.
दांड्याला धरून उभी एक बाई, चणे खात,
तिनं सहज बाहेर पाहिलं
आणि तिचे डोळे थेट माझ्या डोळ्यांत.
ना वरून, ना खाली वाकून.
मी मान हलवली. तेवढंच हलतं.
तिनं पुडी किंचित पुढे केली,
दोन काचांच्या पलीकडून,
आणि सिग्नल सुटला.